६४ जीबी जुनी डीडीआर४ रॅम वाचवून नवा बोर्ड: एडिटिंग मशीनच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२६, सोमवार. काय मेलं, काय जिवंत आहे

पुण्यातल्या एका लग्नाच्या फोटो-व्हिडिओ स्टुडिओचं मशीन. आय७-७७०० प्रोसेसर, बी२५० मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबी), ५५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा फिरतो आणि थांबतो. पौषात लग्नं नसतात, म्हणून मुदत ठरलेली आहे: १८ तारखेला पौष संपतो, त्याआधी मशीन टेबलावर हवं.

पहिले दोन तास वाया. दोष एसएमपीएसचा धरून दुसरा लावून पाहिला, मग ग्राफिक्स कार्ड काढून, मग एकेक रॅम काढून. मल्टिमीटर आधी हातात घेतला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. प्रोसेसर काढून बोर्डावरच्या ८ पिनच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात रेझिस्टन्स मोजला: अर्ध्या ओहमच्या आसपास. म्हणजे व्हीआरएमचा (प्रोसेसरला हवा तो व्होल्टेज बनवणारा बोर्डावरचा भाग) एखादा मॉस्फेट (त्यातला स्विच) शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद पडतोय.

रिपेअरवाल्याने २,५०० सांगितले, गॅरंटी नाही. तोच बोर्ड रिफर्बिश्ड घ्यायचा तर ४,५००. दोन्ही सोडले. सातव्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ ची अधिकृत साथ नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

वाचलेल्या सामानाची यादी, कारण पुढचं सगळं हिच्यावर ठरणार आहे:

- डीडीआर४ रॅम १६ जीबीच्या ४ स्टिक, एकूण ६४ जीबी. दोन वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या दोन जोड्या.
- एनव्हीएमई एसएसडी ५०० जीबी, जेन३ (पीसीआय एक्सप्रेस जोडणीची तिसरी पिढी). विंडोज यावर.
- एम.२ साटा एसएसडी ५०० जीबी. दिसायला एनव्हीएमईसारखीच पट्टी, पण आतून साटा, म्हणजे हार्डडिस्कचीच जुनी जोडणी.
- ३.५ इंची हार्डडिस्क ३, जुन्या लग्नांचा साठा.
- चार हीटपाइपचा टॉवर कूलर, १२० मिमी पंख्याचा.

६ जानेवारी. भाव

तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) तीन काउंटर फिरलो, दोन भाव फोनवर घेतले. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) चे भाव पाहून एएम५ चा (एएमडीचं नवं सॉकेट, फक्त डीडीआर५ घेणारं) विचार अर्ध्या तासात संपला. ३२ जीबी (१६×२, ६०००) जोडी ३६ हजारांच्या घरात. जून २०२५ च्या एका जुन्या बिलात तशीच जोडी ९,४०० ला आहे. ६४ जीबीची जोडी ७४ हजार, तीही 'आज घेत असाल तर'. एका काउंटरवर सकाळचा भाव संध्याकाळी ८०० ने वाढला. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआय सर्व्हरकडे वळवल्यामुळे हे चाललंय. मायक्रॉनने तर ३ डिसेंबरला क्रुशल नावाने ग्राहकांना रॅम-एसएसडी विकणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं.

तीन रस्त्यांचा कच्चा हिशेब, काउंटरच्या भावाने:

एएम५: चार स्लॉटचा बी६५० बोर्ड १४ हजार, सहा कोअरचा प्रोसेसर २० हजार, ६४ जीबी डीडीआर५ ७४ हजार. १ लाख ८ हजार.

एलजीए१८५१ (इंटेलचं नवं सॉकेट, कोअर अल्ट्रा): बोर्ड-प्रोसेसर साधारण तेवढेच, आणि इथेही डीडीआर५ शिवाय पर्याय नाही. त्याच घरात.

जुनी डीडीआर४ ठेवून एलजीए१७०० (इंटेलचं आधीचं सॉकेट) किंवा एएम४ (एएमडीचं आधीचं): ३० ते ३५ हजार.

त्याच काउंटरवर आपल्या चार जुन्या स्टिकचे २२ हजार द्यायला माणूस तयार होता. नव्या बोर्डाच्या दुप्पट. आधी बोर्ड निवडा आणि त्याला शोभेल ती रॅम घ्या, ही रीत आज उलटी करावी लागते: हातात असलेली रॅम बोर्ड निवडते.

चार स्लॉट हवेतच, ही अट इथे पक्की झाली. डीडीआर५ च्या बाजूला आणखी एक खोच आहे. एएम५ वर चार स्टिक लावल्या तर रायझन ७००० आणि ९००० चा अधिकृत वेग ३६०० वर येतो. म्हणजे 'आज दोन घेऊ, स्वस्त झाल्यावर दोन वाढवू' हा बेतही तिथे नीट बसत नाही.

७ आणि ८ जानेवारी. चिपसेट

चिपसेट म्हणजे डिस्क, यूएसबी, लॅन यांना प्रोसेसरशी जोडणारी बोर्डावरची चिप. दोन संध्याकाळी फक्त मॅन्युअल वाचण्यात. बॉक्सवरच्या जाहिरातीतून काही कळत नाही. मॅन्युअलमध्ये स्लॉटचा तक्ता आणि बोर्डाची ब्लॉक आकृती असते, ती दोन पानं वाचायची.

एएम४ आधी, कारण स्वस्त. ए५२० ला ग्राफिक्सचा स्लॉटही जेन३. बी५५० ला ग्राफिक्स आणि पहिली एम.२ प्रोसेसरकडून जेन४, चिपसेटकडून येणारं सगळं जेन३. आपल्या सामानाला बी५५० पुरला असता, चार स्लॉट, जुनी रॅम चालते. अडलं ते फुटेजवर. स्टुडिओचे दोन कॅमेरे एचईव्हीसी १०-बिट ४:२:२ मध्ये (जास्त रंगमाहिती ठेवणारा, उलगडायला जड प्रकार) रेकॉर्ड करतात. ते हार्डवेअरमध्ये उलगडणं आरटीएक्स ३०६० ला जमत नाही, रायझनलाही नाही. एनव्हिडियाकडे ते ५० मालिकेपासून आलं. म्हणजे एएम४ घेतला तर कार्डही बदलायचं, आणखी २८-३० हजार. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला मात्र अकराव्या पिढीपासून हे जमतं. म्हणून एलजीए१७००, आणि प्रोसेसर 'एफ' नसलेला. 'एफ' म्हणजे आतला ग्राफिक्स बंद. हजार-दीड हजार वाचवायला बरेच जण तो घेतात आणि व्हिडिओच्या मशीनमध्ये नेमकी कामाची वस्तू गमावतात.

आता एलजीए१७०० मधले चिपसेट. हे सगळे डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींत येतात, कोणती लागेल ते बोर्ड बनवणारा ठरवतो.

एच६१०: एका चॅनलला एकच स्लॉट, म्हणजे रॅमचे दोनच स्लॉट. प्रोसेसरची एम.२ मिळत नाही, चिपसेटकडे जेन३ च्या ८ लेन (लेन म्हणजे डेटाची एक वाट). ६,५०० ला मिळतो आणि ऑफिसच्या मशीनला उत्तम. चार स्टिकला बाद.

बी६६०: चिपसेटकडे जेन४ च्या ६ लेन, जेन३ च्या ८. साटा ४.

बी७६०: जेन४ च्या १०, जेन३ च्या ४. साटा ४.

झेड६९०, झेड७९०: लेन भरपूर, साटा ८ पर्यंत, प्रोसेसर आणि चिपसेटमधला रस्ता दुप्पट रुंद (डीएमआय आठ लेनचा, बी मालिकेत चारचा). 'के' प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा असेल तरच झेडचे पैसे वसूल. डीडीआर४ चा झेड७९० एका काउंटरवर होता, २१ हजार.

बी६६० आणि बी७६० मध्ये गोंधळ होतो तो आकड्यामुळे. ७६० मोठा, म्हणून चांगला. खरा फरक एवढाच, की जेन३ च्या चार लेन जेन४ झाल्या. आपल्याकडे चिपसेटला लागणार काय? एक साटा एसएसडी, तीन फिरत्या डिस्क, लॅन, यूएसबी. जेन४ ची एकही वस्तू नाही, आणि एसएसडीचेही भाव चढलेत म्हणून इतक्यात येणारही नाही. म्हणजे बी६६० ने एक कणही कमी पडत नाही. भाव: चार स्लॉटचा बी६६० डीडीआर४ ९,६०० (जुना स्टॉक), तशाच घडणीचा बी७६० १२,२००.

चिपसेटचं नाव लेन आणि पोर्ट सांगतं. बोर्ड किती दणकट आहे, व्हीआरएमवर हीटसिंक आहे की नाही, ऑडिओ कोणता, यातलं काहीही सांगत नाही. एकाच बी७६० नावाखाली ८ हजारांचा उघडा बोर्ड आहे आणि १९ हजारांचाही.

एएम५ घेणाऱ्यांसाठी जाताजाता, वाचलंच आहे तर. एक्स८७० आणि बी६५० मध्ये चिपसेटची चिप एकच जातीची, प्रोमोंटरी २१. एक्स८७० ला यूएसबी४ आणि जेन५ ग्राफिक्स स्लॉट सक्तीचे. अनेक एक्स८७० बोर्डांवर हे यूएसबी४ प्रोसेसरच्या चार लेन खातं, आणि दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली की दोघांत वाटणी होते. बी८५० ला जेन५ एम.२ सक्तीची, जेन५ ग्राफिक्स ऐच्छिक. बी८४० हे नाव बी८५० शेजारी ठेवून फसवतं: चिपसेटच्या लेन जेन३, प्रोसेसर ओव्हरक्लॉक नाही.

९ जानेवारी. प्रोसेसर आणि पॉवर

आय५-१४५००. सहा मोठे, आठ छोटे कोअर. आतला ग्राफिक्स यूएचडी ७७०, त्यात व्हिडिओची दोन इंजिनं. १२४०० आणि १४४०० मध्ये यूएचडी ७३०, एकच इंजिन. दोन-तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन एकत्र चालवताना हा फरक जाणवतो, म्हणून १४४०० सोडला. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे ते बिघडण्याचं जे प्रकरण २०२४ मध्ये गाजलं, त्यातही १४५०० येत नाही. त्याच्या आत बाराव्या पिढीचीच चिप आहे.

बेस ६५ वॅट, टर्बोत १५४. बोर्डाचा व्हीआरएम १५४ ला पुरायला हवा, ६५ ला नाही.

बोर्ड घेताना पाहायच्या गोष्टी कागदावर लिहिल्या: चार स्लॉट, डीडीआर४, व्हीआरएमवर हीटसिंक, एम.२ दोन, साटा चार, प्रोसेसरशिवाय बायोस (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) टाकायचं फ्लॅश बटण. शेवटची अट आपणच मोडली. बटणवाला बी६६० संपला होता, बी७६० ला २,६०० जास्त. काउंटरवर विचारलं, बायोस कोणता? 'स्टॉक नवीनच आहे, चौदावी पिढी चालते.' मान डोलावली.

१० जानेवारी. खरेदी

पहिला बॉक्स काउंटरवर आला तो डीडीआर५ चा. नाव अक्षरशः तेच, फक्त शेवटचं 'डी४' नाही. ज्या बोर्डाच्या नावात काही लिहिलेलं नसतं तो बहुधा डीडीआर५ असतो. खाच वेगळ्या जागी असल्यामुळे डीडीआर४ त्यात बसणारच नाही, पण हे घरी जाऊन कळलं तर बॉक्स फुटलेला असतो, आणि फुटलेला बॉक्स कुणी परत घेत नाही. सर्व्हिस सेंटर दाखवतात.

बॉक्स काउंटरवरच उघडला, फोनवर व्हिडिओ चालू ठेवून. सॉकेटचं झाकण काढलं, टॉर्च तिरका धरून पिना पाहिल्या. सरळ रेषांत एकसारखी चमक दिसली पाहिजे. एखादी पिन वाकली असेल तर तिथे चमक तुटते. झाकण परत लावलं. बिलावर बोर्डाचा सीरियल नंबर लिहून घेतला, वॉरंटीला तोच लागतो.

जे पाहायला हवं होतं ते राहिलं: बायोसच्या चिपवरचा इवलासा स्टिकर. त्यावर व्हर्जन छापलेलं असतं.

११ जानेवारी, रविवार. जोडणी, आणि काळा पडदा

कूलर बसेना. जुनी ब्रॅकेट एलजीए११५१ ची, तिच्या भोकांतलं अंतर ७५ मिमी. एलजीए१७०० ला ७८. तीन मिमी ओढून बसवायचा मोह होतो, बोर्ड वाकतो. सॉकेटची उंचीही कमी आहे, त्यामुळे जुन्या ब्रॅकेटने दाब नीट पडत नाही. कूलर कंपनीचा एलजीए१७०० किट ३५० रुपये, रविवार असल्याने दुसऱ्या टोकाला जाऊन आणावा लागला. दोन तास.

दुपारी तीनला चालू केलं. पंखे फिरतात, चित्र नाही. बोर्डावरचा 'सीपीयू'चा लाल दिवा स्थिर. एक स्टिक ठेवून पाहिलं, ग्राफिक्स कार्ड काढून आतल्या एचडीएमआयवर पाहिलं, सेल काढून बायोस क्लिअर केला. दिवा तसाच. मग टॉर्च घेऊन बायोस चिपचा स्टिकर वाचला आणि कंपनीच्या पानावरच्या यादीशी ताडून पाहिला: २०२२ च्या सुरुवातीचं व्हर्जन. बी६६० आला जानेवारी २०२२ मध्ये, तेरावी पिढी त्या वर्षाच्या शेवटी. या बोर्डाला १४५०० ओळखीचाच नाही.

फ्लॅश बटण नाही. ओळखीतल्या एका मशीनमधला आय३-१२१०० उद्यापर्यंत उसना मिळवला.

१२ जानेवारी. बायोस

१२१०० लावला, पहिल्या दमात चित्र. बायोसमधून अपडेट:

१. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर फाइल दिसत नाही.
२. कंपनीच्या पानावरून बायोसची फाइल. झिप उलगडून आतली फाइल टाकायची, झिप नाही.
३. पानावरची बारीक टीप वाचायची. आपल्या बोर्डाला थेट शेवटच्या व्हर्जनवर उडी घेता येत नव्हती, आधी मधलं एक व्हर्जन, त्याबरोबर एमई फर्मवेअर (इंटेलच्या चिपसेटमधलं छोटं सॉफ्टवेअर), मग शेवटचं.
४. यूपीएसवर लावूनच करायचं. मध्येच लाइट गेली तर बोर्ड गेला.

तिन्ही अपडेट मिळून ४० मिनिटं. मग १२१०० काढला, पेस्ट पुसली, १४५०० लावला. पहिल्यांदा चालू केल्यावर जवळजवळ दोन मिनिटं काळाच पडदा, कारण बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. याच दोन मिनिटांत घाबरून बटण दाबणारे पुष्कळ. वाट पाहिली, चित्र आलं.

२,६०० रुपये वाचवले त्यापायी दीड दिवस गेला, आणि उसना प्रोसेसर नसता तर सर्व्हिस सेंटरची फेरी. फ्लॅश बटणाची किंमत आता कळली.

१३ जानेवारी. चार स्टिक, दोन स्वभाव

स्टिकर नीट वाचले: पहिली जोडी ३२०० सीएल१६, दुसरी ३६०० सीएल१८ (आधीचा आकडा वेग, सीएल म्हणजे प्रतिसादाचा उशीर). एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बी२५० बोर्ड सगळ्यांना २४०० वरच चालवत होता.

एक्सएमपी (रॅमवरच नोंदलेली वेगाची सेटिंग) लावलं, बोर्डाने ३६०० चा प्रोफाइल उचलला. विंडोजच्या पेनड्राइव्हने बूट झालं, मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावल्यावर अकराव्या मिनिटाला लाल ओळी. 'के' नसलेल्या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलरचा व्होल्टेज (एसए) वाढवता येत नाही, त्यावर इंटेलने कुलूप ठेवलंय. त्यामुळे डीडीआर४ ३६०० गियर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच वेगाने) दोन स्टिकवरही नशिबाचा खेळ, चारवर तर विसराच. गियर २ मध्ये चालेल, पण कंट्रोलर अर्ध्या वेगाने, त्यात काही अर्थ नाही.

हाताने भरलं: वेग ३२००, १८-२२-२२-४२, व्होल्टेज १.३५, गियर १. एका जोडीचे दोन स्टिक वेगवेगळ्या चॅनलला, म्हणजे ए२-बी२ मध्ये एक जोडी, ए१-बी१ मध्ये दुसरी. मेमटेस्टचे चार फेरे रात्रभर, सकाळी शून्य एरर. सीएल१६ ठेवून पाहायचा मोह टाळला. एडिटिंगमध्ये फरक दिसणार नाही आणि एक चुकीचा बिट निघाला तर एक्सपोर्ट कोसळतो, तेही ९० टक्क्यांवर.

१४ जानेवारी. डिस्क

वरची एम.२ प्रोसेसरची, फक्त एनव्हीएमई घेते. म्हणून विंडोजची एनव्हीएमई वर, एम.२ साटा खाली. खालच्या स्लॉटला दोन्ही चालतात.

बूट डिव्हाइस सापडत नाही. जुनी विंडोज एमबीआर पद्धतीने (डिस्कची जुनी मांडणी) बसवलेली होती. या पिढीत आतला ग्राफिक्स वापरायचा तर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंदच ठेवावं लागतं, आणि सीएसएमशिवाय एमबीआर बूट होत नाही. आधी डिस्कची पूर्ण इमेज घेतली. मग विंडोज ११ च्या पेनड्राइव्हने बूट, शिफ्ट-एफ१० ने काळी खिडकी, त्यात एमबीआर२जीपीटी (जुनी मांडणी नव्या जीपीटीत बदलणारी आज्ञा) आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट. प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर हे नकार देतं. इथे दोनच होती. डेटा जागच्या जागी राहिला. नंतर विंडोज ११ चढवली. लायसन्स रिटेल होतं, नव्या बोर्डावर पुन्हा सक्रिय झालं. ओईएम असतं तर ते जुन्या बोर्डाबरोबरच गेलं असतं.

तिसरी हार्डडिस्क दिसेना. केबल बदलली, पॉवर बदलला, पाऊण तास. मॅन्युअलच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात: खालच्या एम.२ मध्ये साटा जातीची एसएसडी असेल तर 'साटा-२' पोर्ट बंद. चिपसेटला साटा चारच, त्यातला एक एम.२ ने उचलला. केबल दोनमधून चारमध्ये टाकली, डिस्क हजर. आता एकही साटा शिल्लक नाही. ७ तारखेला हाच तक्ता वाचला होता, तळटीप सोडून.

१५ जानेवारी. ज्यासाठी इंटेल घेतला ते चालू करणं

४:२:२ ची फाइल टाइमलाइनवर टाकली आणि प्रीमियर (एडिटिंगचा प्रोग्राम) अडखळतंय, जुन्या मशीनइतकंच. टास्क मॅनेजरमध्ये एकच जीपीयू, ३०६०. कार्ड लावलं की बोर्ड आतला ग्राफिक्स आपणहून बंद करतो. बायोसमध्ये आतला ग्राफिक्स 'ऑटो'वरून 'एनेबल' केला (काही बोर्डांवर याला आयजीडी मल्टिमॉनिटर म्हणतात), इंटेलचा ड्रायव्हर टाकला, प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगखाली इंटेलवर टिक केली, प्रोग्राम बंद करून चालू केला. मॉनिटर ३०६० लाच जोडलेला राहू दे, आतल्या पोर्टला काही जोडावं लागत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये आता 'व्हिडिओ डिकोड' चा आलेख इंटेलकडे हलतो. तीन कॅमेऱ्यांची ४के टाइमलाइन प्रॉक्सीशिवाय (फुटेजच्या हलक्या प्रती न बनवता) पूर्ण रिझोल्यूशनला सरळ चालते.

१६ जानेवारी. व्हीआरएम

४८ मिनिटांचा विवाह सोहळा, ४के, खऱ्या प्रकल्पातलाच. एक्सपोर्टच्या बाराव्या मिनिटापासून मोठ्या कोअरचा वेग ४.५ वरून ३.१ गिगाहर्ट्झवर. प्रोसेसर ७१ अंशांवर, म्हणजे कूलरचा दोष नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएम १०४. बोर्डाने बायोसमध्ये दोन्ही पॉवर मर्यादा ४०९६ वॅट ठेवल्या होत्या, म्हणजे मर्यादाच नाही. १४५०० दीर्घकाळ १५० च्या आसपास ओढत राहिला, आणि या बोर्डावर हीटसिंक एकाच बाजूच्या मॉस्फेटवर आहे, वरची रांग उघडी.

दोन बदल. पीएल१ (दीर्घकाळची पॉवर मर्यादा) १०० वॅट, पीएल२ (थोड्या वेळाची) १५४. कॅबिनेटच्या वरच्या जाळीत, मागच्या कोपऱ्यात, १२० मिमीचा पंखा हवा बाहेर फेकणारा. पुन्हा तोच एक्सपोर्ट: व्हीआरएम ८३, वेग शेवटपर्यंत ४.१ च्या आसपास. एकूण वेळ ३१ मिनिटांवरून २७ वर. मर्यादा कमी करून काम लवकर झालं, कारण आधी वेग सारखा पडत-चढत होता.

नुसता पंखा लावून मर्यादा १२५ ठेवून पाहिली: व्हीआरएम ९४, वेळ २६ मिनिटं. एका मिनिटासाठी अकरा अंश नकोत, मेमध्ये पुण्यातली खोली ३८ ला जाते. १०० वर ठेवलं.

१७ जानेवारी. हिशेब

बी६६० डीडीआर४ बोर्ड ९,६००
आय५-१४५०० २२,३००
एलजीए१७०० ब्रॅकेट ३५०
थर्मल पेस्ट (दोनदा लावावी लागल्यामुळे नवी) ४२०
१२० मिमी पंखा ५५०
एकूण ३३,२२०

वाया गेलेला वेळ: जुन्या बोर्डाचं निदान २ तास, ब्रॅकेट २, बायोस दीड दिवस, साटा पोर्ट पाऊण तास, आतला ग्राफिक्स १ तास. निदानाचे दोन तास आणि बायोसचा दीड दिवस सोडला तर बाकी सगळं मॅन्युअल नीट वाचून टळलं असतं. तो दीड दिवसही स्टिकर वाचून टळला असता म्हणा.

राहिलेलं: एसएमपीएस सात वर्षांचा आहे. ३०६० चे १७० आणि प्रोसेसरचे १५४ धरून ५५० पुरतो, पण वॉरंटी संपलीय. तो वैशाखाच्या गर्दीआधी बदलायचा. आय७-७७०० ला काउंटरवर ३,२०० सांगितलेत, मंगळवारी देऊन टाकायचा.